इथलं गावदेव कुठलं? : सेंट डेव्हिड्स चर्च, रॅडनर आणि आसपासचा मुलूख

वेशीबाहेर (धागाकर्ती)

गेल्या जूनमध्ये आई-दादा साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आले. दादा एसटीत कंडक्टर होते. नव्या गावात मुक्काम पडला की स्टँडवरच्या चहावाल्याला त्यांचे दोन प्रश्न ठरलेले: इथं नदी कुठली आणि गावदेव कुठलं. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला पेओलीजवळ आमचं घर आहे. तिसऱ्या दिवशी पोहे खाताखाता त्यांनी मला तेच विचारलं. नदी सांगितली, स्कूकिल. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी गप्प झाले. चौदा वर्षं राहतेय इथं. मुलांच्या शाळा, स्वस्त भाजी कुठं मिळते, कुठला प्लंबर वेळेवर येतो, सगळं माहीत. गावदेव माहीत नाही.

मग त्यांना सेंट डेव्हिड्सला घेऊन गेले. व्हॅली फोर्ज रोडवरून रोज जाता-येता दिसणारं दगडी चर्च, एवढीच माझी ओळख होती त्याची. नाव रॅडनरचं, टपालाचा पत्ता वेन गावचा, आणि मूळ चर्च उभं आहे न्यूटाउन टाउनशिपच्या हद्दीत. बांधकाम १७१५ सालचं. शेजारी आता मोठी नवी इमारत आहे, रविवारची गर्दी तिथं मावते. पण जुनं चर्च आहे तसं आहे. एवढंसं. आपल्याकडच्या मोठ्या वाड्याच्या सदरेत बसेल इतकं. शेतातून निघालेल्या ओबडधोबड दगडांच्या भिंती, कमानीच्या खिडक्या, आणि सगळ्यात नवलाचं म्हणजे माडीवर जायचा दगडी जिना बाहेरच्या भिंतीला लागून. आत बसायला दार लावलेले लाकडी खण आहेत. भोवती मोठी झाडं आणि त्यांच्याखाली थडगी.

दादा आधी चर्चला बाहेरून एक पूर्ण फेरी मारून आले. (ती प्रदक्षिणा होती हे मला नंतर कळलं.) मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर हात ठेवून म्हणाले, "ह्यो जिना नंतरचा हाय. भिंतीचा दगड येगळा, ह्यो येगळा." माडी खरंच मूळ बांधकामानंतर घातलेली आहे.

दादा नोव्हेंबरात परत गेले. तेव्हापासून मी या चर्चबद्दल आणि आसपासच्या जागांबद्दल मिळेल ते वाचतेय. या भागात आपली बरीच मराठी घरं आहेत, मॅल्व्हर्न, एक्स्टन, चेस्टरब्रुक, किंग ऑफ प्रशियापर्यंत. ज्याला जे माहीत असेल ते इथं लिहा. मला दादांना नीट उत्तर द्यायचं आहे.

---

जर्सीवासी

सुरेख धागा. आम्ही व्हॅली फोर्जला दोनदा येऊन गेलो, पण या चर्चचा पत्ताच नव्हता. एक प्राथमिक प्रश्न: हे चर्च एपिस्कोपल पंथाचं ना, तर एपिस्कोपल म्हणजे नक्की काय? कॅथलिक की प्रॉटेस्टंट? पाटीवर नाव दिसतं, पण फरक कधी कळला नाही.

---

नगरची_लेक

याचं उत्तर मी देते, कारण मी याच घरातली आहे. जन्म नगर जिल्ह्यातला, आजोबा एस.पी.जी. मिशनच्या (लंडनच्या अँग्लिकन मिशनरी संस्थेच्या) चर्चमध्ये पंच होते, आणि गेली बावीस वर्षं मी मेन लाइनवरच्या (फिलाडेल्फियाच्या पश्चिमेचा उपनगरांचा पट्टा) एका एपिस्कोपल चर्चची सभासद आहे.

एपिस्कोपल चर्च म्हणजे इंग्लंडच्या चर्चची अमेरिकेतली शाखा, पण राजाशिवायची. 'एपिस्कोपल' म्हणजे बिशप असलेलं. इंग्रजांच्या वसाहतीत त्यांच्याबरोबर त्यांचं चर्चही आलं. तिथल्या प्रार्थना पुस्तकात राजासाठी प्रार्थना छापलेली असे, आणि पाळक दीक्षा घेतानाच राजनिष्ठेची शपथ घेत. १७७६ला अमेरिका स्वतंत्र झाल्याचं जाहीर झालं आणि प्रत्येक चर्चमध्ये एकच पेच पडला: या रविवारी राजासाठी प्रार्थना करायची की नाही?

सेंट डेव्हिड्समध्ये तेव्हा विल्यम करी नावाचे पाळक होते. जवळजवळ चार दशकं त्यांनी इथं सेवा केली होती. या घरांतले बाप्तिस्मे, लग्नं, मयती सगळं त्यांच्या हातून झालेलं. लोकांना राजाची प्रार्थना नको होती आणि करींना शपथ मोडवत नव्हती. त्यांनी पद सोडलं. मला दोन्ही बाजू समजतात आणि म्हणूनच वाईट वाटतं. त्यांनी दिलेला शब्द खरा होता, लोकांचा स्वातंत्र्याचा ध्यासही खरा होता.

युद्ध संपल्यावर दुसरी अडचण आली. बिशप नाही तर नवे पाळक कोण घडवणार? आणि बिशप घडवायला आधीचे बिशप लागतात, तेही इंग्लंडात, जिथं राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. कनेक्टिकटचे सॅम्युएल सीबरी स्कॉटलंडला गेले आणि १७८४मध्ये तिथल्या बिशपांकडून अभिषेक घेऊन आले. मग इंग्लंडनं कायदा बदलला आणि फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट १७८७मध्ये लंडनला जाऊन पेनसिल्व्हेनियाचे पहिले बिशप झाले. १७८९मध्ये फिलाडेल्फियातच, क्राइस्ट चर्चमध्ये, या नव्या चर्चची घटना आणि स्वतःचं प्रार्थना पुस्तक मंजूर झालं. म्हणजे हे चर्च जन्मलं ते तुमच्या-आमच्या घरापासून लोकलच्या अंतरावर.

आता फरक. उपासना पाहिलीत तर कॅथलिकांसारखी वाटेल: झगे, मेणबत्त्या, दर रविवारी प्रभुभोजन. पण पोप नाही. पाळक लग्न करू शकतात. स्त्रिया पाळक होतात, बिशपही होतात. त्यातही फिलाडेल्फियाचा हात आहे. २९ जुलै १९७४ला इथल्या चर्च ऑफ द अ‍ॅडव्होकेटमध्ये अकरा स्त्रियांना परवानगीची वाट न बघता दीक्षा दिली गेली. मोठं वादळ उठलं, आणि १९७६च्या महाधिवेशनात स्त्रियांच्या दीक्षेला मान्यता मिळाली. कारभार पंचांच्या हाती असतो. त्या पंचमंडळाला व्हेस्ट्री म्हणतात, सभासद मत देऊन ते निवडतात, आणि पाळक (इथं रेक्टर म्हणतात) कोण हवा हेही तेच शोधतात.

आमच्या नगरच्या चर्चपेक्षा वेगळं काही नाही. भारतात १९७०मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात अँग्लिकन मंडळी विलीन झाली. ते आणि एपिस्कोपल चर्च एकाच जागतिक कुटुंबातले. इथं पहिल्यांदा आले तेव्हा इंग्रजी शब्द कानावर पडण्याआधीच ओठांवर त्याच प्रार्थनेचे मराठी शब्द आले होते.

---

दगडफूल

वाखूसा (वाचनखूण साठवली). ताई, तुमच्या एस.पी.जी.वरून एक धागा जुळतो. ही संस्था लंडनला १७०१मध्ये निघाली ती मुख्यतः अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये पाळक पाठवण्यासाठी. रॅडनरला पाळक पाठवले ते याच संस्थेनं, विल्यम करीही तिचेच. आणि नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात आली तीही हीच. तुमच्या आजोबांचं चर्च आणि सेंट डेव्हिड्स एकाच पत्त्यावरून आलेल्या माणसांनी सांभाळलं म्हणायचं.

अजून एक. मी मूळचा गिरगावचा. आपलं मुंबईचं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८च्या नाताळात उपासनेला खुलं झालं. सेंट डेव्हिड्स १७१५चं. तीन वर्षांचं अंतर! एकीकडे कंपनीचे व्यापारी आणि दुसरीकडे वेल्श शेतकरी, पण प्रार्थना पुस्तक एकच. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून त्या चर्चकडे रस्ता जायचा तो चर्चगेट, आणि त्यावरून आपलं स्टेशन. इथंही तसंच. पेओलीच्या लोकलला 'सेंट डेव्हिड्स' स्टेशन आहे, ते या चर्चच्या नावावरून, चर्च तिथून काही मैल लांब असलं तरी. रोज चर्चगेट गाठणाऱ्या किती लोकांना ते चर्च कुठलं हे माहीत असतं? मलाही इथं येईपर्यंत माहीत नव्हतं.

---

ओसरी

वेल्श शेतकऱ्यांबद्दल कुणी सांगेल का? या भागातली नावं मला नेहमी कोड्यात टाकतात. ब्रिन मॉर, बाला किनवुड, ट्रेडिफ्रिन, युक्लान. इंग्रजी तर वाटत नाहीत.

---

दगडफूल

नाहीतच. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेननं वेल्समधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना शहराच्या पश्चिमेला चाळीस हजार एकरांचा सलग पट्टा देऊ केला होता. तिथं आपली भाषा आणि आपला कारभार चालवू, असं त्यांना वाटत होतं. कारभार मिळाला नाही, पण नावं उरली. रॅडनर हे वेल्समधल्या रॅडनरशायरवरून. डेव्हिड हा वेल्सचा संरक्षक संत, म्हणून चर्चला त्याचं नाव. क्वेकरांबरोबर इंग्लंडच्या चर्चचे काही वेल्श लोकही आले होते. त्यांना इंग्रजी प्रवचन समजेना. मग फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चचे इव्हान इव्हान्स, जे स्वतः वेल्श होते, १७००पासून इथं येऊन त्यांच्या भाषेत प्रवचन देऊ लागले. तेव्हा चर्चची इमारतही नव्हती.

ब्रिन मॉरची गंमत वेगळी आहे. 'मोठी टेकडी' असा त्याचा वेल्श अर्थ. गावाचं नाव आधी हम्फ्रीव्हिल होतं. पेनसिल्व्हेनिया रेलरोडनं मुख्य मार्ग सरळ केला तेव्हा रेल्वेलगत श्रीमंतांसाठी उपनगरं वसवायची ठरवली आणि जुन्या वेल्श मळ्याचं भारदस्त नाव गावाला दिलं. 'मेन लाइन' हे या सगळ्या पट्ट्याचं नावही त्याच रेल्वेमार्गावरून पडलं.

---

सांज_टेकडी

सेंट डेव्हिड्सच्या आवारात जनरल अँथनी वेनचं थडगं आहे, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? वेन हे गाव त्याच्याच नावाचं. मुलाच्या चौथीच्या प्रकल्पासाठी मी याची सगळी गोष्ट जमवली होती, ती इथं देते. जरा मोठी आहे.

वेन १ जानेवारी १७४५ला इथल्याच वेन्सबरोमध्ये जन्मला. घर पेओलीत अजून आहे आणि आत जाऊन बघता येतं. घराणं याच चर्चचं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या क्रांतियुद्धात तो वॉशिंग्टनचा भरवशाचा सरदार. १७७७च्या सप्टेंबरात, २०च्या रात्री, पेओलीजवळ त्याच्या तळावर इंग्रजांनी छापा घातला. गोळीच्या आवाजानं तळ जागा होऊ नये म्हणून इंग्रज सेनापती ग्रेनं बंदुका रिकाम्या करायला लावल्या आणि सगळं काम संगिनींनी केलं. मॅल्व्हर्नमध्ये त्या रात्रीच्या ५३ अमेरिकन मृतांची समाधी आहे. आपल्याच घराच्या अंगणात हा मार बसला म्हणून वेनवर ठपका आला. त्यानं स्वतः लष्करी चौकशी मागितली आणि तो निर्दोष सुटला. दोन वर्षांनी स्टोनी पॉइंटचा इंग्रजी किल्ला त्यानं घेतला तो तसाच, मध्यरात्री, संगिनींनी.

तो गेला १५ डिसेंबर १७९६ला, घरापासून शेकडो मैल दूर, ईरी सरोवराकाठच्या किल्ल्यात. त्याच्या इच्छेप्रमाणे तिथंच ध्वजस्तंभाच्या पायथ्याशी पुरलं. बारा-तेरा वर्षं गेली. मुलगी आजारी होती आणि तिला वडील घरच्या स्मशानात हवे होते. म्हणून १८०९मध्ये मुलगा आयझॅक दोनचाकी हलकी गाडी घेऊन ईरीला निघाला. गाडीत फक्त अस्थी मावतील असा त्याचा अंदाज. शवपेटी उघडली तर देह जवळजवळ जसाच्या तसा! आता काय करायचं? तिथल्या डॉक्टर वॉलेसनं देह मोठ्या कढईत उकळून हाडं वेगळी केली. हाडं पेटीत घालून मुलाच्या स्वाधीन केली आणि बाकीचं पुन्हा ईरीलाच पुरलं. आयझॅक ती हाडं घेऊन डोंगर ओलांडून आला आणि ४ जुलै १८०९ला सेंट डेव्हिड्सच्या आवारात त्यांचं दफन झालं. म्हणून वेनची दोन थडगी आहेत, एक ईरीला, एक इथं.

वाटेत काही हाडं सांडली आणि दर १ जानेवारीला वेन घोड्यावरून ती शोधत फिरतो, अशी आख्यायिका आहे. माझ्या मुलाला तेवढीच आवडली. मला मात्र त्या गाडीतला मुलगा आठवत राहतो.

---

वेशीबाहेर

सांज_टेकडी, हे मी दादांना फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ल्येकीनं सांगितलं आणि ल्येक गेला." माझ्या आजोबांच्या अस्थी दादांनी एसटीच्या बसमधून माहुलीला संगमावर नेल्या होत्या, मांडीवर ठेवून. बाकी प्रवाशांना त्यांनी सांगितलं नव्हतं. हे मला आजवर माहीत नव्हतं.

---

नगरची_लेक

वाचून डोळे भरले.

अस्थींचा विषय निघाला म्हणून. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजमधून ११ मार्च १८८६ला डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या, हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं. पण त्यांची रक्षा त्यांचे पती गोपाळरावांनी अमेरिकेला, तिथं त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कारपेंटर बाईंकडे पाठवली. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या स्मशानात, आपल्या घरच्या जागेत ठेवली. दगडावर नाव आहे. एक मुलगा वडिलांची हाडं चारशे मैलांवरून घरी आणतो आणि एका मराठी मुलीची रक्षा समुद्र ओलांडून परक्या घरची होते.

आणि ज्या दिवशी आनंदीबाईंना पदवी मिळाली त्या दिवशी सभागृहात पंडिता रमाबाई होत्या. त्यासाठी मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. बाप्तिस्मा त्यांनी १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला घेतलेला, तोही अँग्लिकन चर्चमध्ये, म्हणजे आमच्याच कुटुंबात. पण तिथल्या धर्मगुरूंशी त्यांनी वाद घातले, कुणी सांगितलं म्हणून डोकं झुकवलं नाही. पुढं त्या इथं राहिल्या, हिंदू विधवांसाठी शाळा काढायला पैसा उभा केला आणि मुंबईला जाऊन शारदा सदन सुरू केलं.

एपिस्कोपल चर्चच्या दिनदर्शिकेत ५ एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन आहे, त्या १९२२मध्ये त्याच तारखेला गेल्या म्हणून. मला हे माहीत नव्हतं. काही वर्षांपूर्वी आठवड्यातल्या एका साध्या उपासनेला गेले. आम्ही सात-आठ जणच होतो. पाळकबाईंनी कागदावरून वाचलं, "आज आपण पंडिता मेरी रमाबाईंचं स्मरण करतो." उच्चार थोडा चुकला. मी उठून उभी राहिले आणि बरोबर म्हणून दाखवला. मग सगळ्यांनी तो पुन्हा म्हटला.

---

प्रश्नचिन्ह

धागा माहितीपूर्ण आहे, पण मनातलं बोलतो. मराठी संस्थळावर अमेरिकेतल्या चर्चचं एवढं वर्णन कशाला? माझ्या गावच्या भैरवनाथाचा सभामंडप दोन पावसाळे गळतोय, त्याबद्दल कुणाला कळकळ नाही. आणि मिशनऱ्यांनी आपल्याकडे काय केलं तेही विसरू नये. गावदेव हा शब्द चर्चला लावणं मला खटकलं.

---

वेशीबाहेर

प्रश्नचिन्ह, खटकलं ते सांगितलंत हे बरं केलंत. शब्द माझा नाही, दादांचा आहे, आणि ते तुमच्यासारखेच भैरवनाथाचे भक्त आहेत. गावदेव म्हणजे त्यांच्या लेखी जिथं गावाची मेलेली माणसं आणि जिवंत माणसं एकत्र भेटतात ती जागा. तिथं जाऊन हात जोडायचे, कारण त्या गावचं पाणी आपण पितो. माझी दोन्ही मुलं या गावात जन्मली. त्यांना साताऱ्याचा अजिंक्यतारा माहीत आहे. शेजारचं तीनशे वर्षांचं चर्च माहीत नाही, याची मला लाज वाटली.

तुमच्या सभामंडपाबद्दल वेगळा धागा काढा. मी वाचेन आणि जमेल तेवढी मदतही पाठवेन, मनापासून.

---

नगरची_लेक

प्रश्नचिन्ह यांना: मिशनऱ्यांनी केलेलं चांगलं आणि वाईट दोन्ही आम्ही नगरकर ख्रिस्ती घरांत ऐकत वाढलो. आजी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या म्हणायची आणि नारायण वामन टिळकांचे अभंगही. टिळकांनी कीर्तनातून येशू सांगितला, टाळ-मृदंगासकट. धर्म बदलला म्हणून आमची भाषा बदलली नाही, मातीही नाही. हा धागा मराठीत आहे तो माझ्यासारखीसाठीही आहे, असं मला वाटलं होतं.

---

प्रश्नचिन्ह

ताई, तुम्हाला दुखवायचा हेतू नव्हता. माफ करा. तुमचे प्रतिसाद मी पहिल्यापासून वाचतोय.

---

कातळ

दुसऱ्या बाजूचं मी थोडं लिहितो, कारण नुसतं कौतुक वाचून मलाही अपुरं वाटलं.

ही जमीन लेनापे या मूळ रहिवासी लोकांची. पेननं त्यांच्याशी सलोख्यानं करार केले हे खरं, पण त्याच्या वारसांनी पुढं फसवून त्यांना हुसकावलं. आणि ज्या वेनचं थडगं आपण बघतो त्यानं १७९४मध्ये फॉलन टिंबर्सच्या लढाईत तिथल्या मूळ जमातींच्या फौजेचा पराभव केला. पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहात आजच्या ओहायोचा बहुतेक भाग त्यांच्या हातून गेला. थडग्यावर वीर म्हणून जो कोरला जातो त्याच्या तलवारीचं दुसरं टोक कुणाला लागलं, हेही मुलांना सांगायला हवं.

चर्चचंही तसंच. अ‍ॅब्सलम जोन्स गुलामगिरीत जन्मले. फिलाडेल्फियाच्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना प्रार्थना चालू असताना गुडघ्यांवरून उठवलं गेलं, तेव्हा ते आणि त्यांचे साथी बाहेर पडले. त्यांनी १७९४मध्ये सेंट थॉमस हे आफ्रिकन एपिस्कोपल चर्च उभं केलं. जोन्स हे एपिस्कोपल चर्चचे पहिले कृष्णवर्णीय पाळक. तरीही त्यांच्या मंडळीला धर्मप्रांताच्या सभेत कित्येक दशकं जागा दिली गेली नाही. आज ते चर्च ओव्हरब्रुकला लँकेस्टर अ‍ॅव्हेन्यूवर आहे. हा तोच रस्ता, जो पुढं ब्रिन मॉर, वेन, पेओली असा तुमच्या दारावरून जातो. सेंट डेव्हिड्स बघायला याल तर शहराकडून येताना आधी तिथं थांबा, असं मी आग्रहानं सांगेन.

---

ओसरी

+१. हे वाचल्याशिवाय धागा पूर्ण झाला नसता.

---

जर्सीवासी

ठरलं, आम्ही येतोय! एका दिवसात काय काय बघून होईल? मुलं नऊ आणि बारा वर्षांची. चर्चमध्ये ख्रिस्ती नसलेल्यांनी गेलं तर चालतं ना? आत काय करायचं, काय नाही?

---

नगरची_लेक

खुशाल या. रविवारच्या उपासनेला कुणीही बसू शकतं. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, पुस्तकात पान सापडलं नाही तर शेजारच्याला विचारायचं, आनंदानं दाखवतात. गुडघे टेकायची सक्ती नाही. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही देतात, मग पंथ कुठलाही असो. बाकीच्यांनी जागेवर बसून राहावं किंवा पुढं जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे धरावेत, मग पाळक फक्त आशीर्वाद देतात. माझी सासू अशीच दर नाताळला आशीर्वाद घ्यायची. नंतर कॉफीसाठी थांबा, गावाची खरी ओळख तिथं होते.

---

सांज_टेकडी

लहान मुलं बरोबर असतील तर माझा क्रम असा: सकाळी सेंट डेव्हिड्सचं आवार, मग वेन्सबरो (आधी वेळ बघून घ्या), दुपारनंतर व्हॅली फोर्ज. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये आलात आणि बुधवार ते रविवार असेल तर वेनमधली शांटिक्लिअर बागही बघा. औषधांच्या व्यवसायातल्या रोझेनगार्टन कुटुंबाची ती राहती जागा होती.

स्मशानात एक काळजी घ्या. जुन्या संगमरवरी दगडांवरची अक्षरं आम्लयुक्त पावसानं विरघळून गुळगुळीत झाली आहेत. स्लेटच्या पाट्या त्याहून जुन्या असूनही अक्षरं टिकतात, पण त्यांचे पापुद्रे सुटतात. मुलांना टेकू देऊ नका, कागद लावून पेन्सिलीनं छाप घेऊ देऊ नका. तिरपा उजेड पडला की अक्षरं आपोआप वाचता येतात. सकाळी लवकर या.

---

दगडफूल

व्हॅली फोर्जला जाताय तर वॉशिंग्टन मेमोरियल चॅपल चुकवू नका. तेही एपिस्कोपल चर्चच आहे, राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध, पण सरकारी नाही. सरकारी पैशावर चालणारं स्मारक समजून लोक फोटो काढून निघून जातात. खरं तर ते मंडळीच्या वर्गणीवर चालतं.

गोष्ट अशी. १९ डिसेंबर १७७७ला वॉशिंग्टनचं सुमारे बारा हजारांचं सैन्य इथं तळ ठोकायला आलं. फिलाडेल्फिया इंग्रजांच्या ताब्यात गेलेलं. इथं लढाई एकही झाली नाही, तरी जूनपर्यंत जवळपास दोन हजार माणसं मेली, विषमज्वर, हगवण, न्यूमोनियानं. फोन श्टॉयबेन या प्रशियन अधिकाऱ्यानं उरलेल्यांना कवायत शिकवली आणि १९ जून १७७८ला जे सैन्य बाहेर पडलं ते वेगळंच होतं. त्याच तारखेला, १९०३मध्ये, हर्बर्ट बर्क या पाळकांनी चॅपलची कोनशिला बसवून घेतली. आराखडा मिल्टन मेडरींचा, रंगीत काचा निकोला दाशेन्झोंच्या.

पण मी दरवर्षी जातो तो घंटांसाठी. शेजारच्या मनोऱ्यात ५८ घंटा आहेत. त्या आपल्या देवळातल्यासारख्या हलत नाहीत, पक्क्या बांधलेल्या असतात. आत लोलक तारेनं ओढला जातो. वाजवणारा वर छोट्या खोलीत बसून लाकडी दांड्यांवर मुठी मारतो आणि पायांनी खालच्या पट्ट्या दाबतो. उन्हाळ्यात संध्याकाळचे कार्यक्रम असतात. लोक हिरवळीवर घडीच्या खुर्च्या टाकून, डबे उघडून बसतात. आम्ही थालीपीठ नेतो. पहिल्या वर्षी वाटलं होतं कुणी हटकेल. शेजारच्या आजीनं एक मागून घेतलं.

---

वेशीबाहेर

सगळ्यांचे मनापासून आभार. विचारलं एक आणि मिळालं कितीतरी.

जर्सीवासींबरोबर ठरवून टाकलंय, आणि कुणाला यायचं असेल तर या: मे महिन्यातला पहिला शनिवार, सकाळी साडेआठला सेंट डेव्हिड्सच्या जुन्या चर्चपाशी. उजेड तिरपा असेल तोवर दगड वाचून घेऊ. नगरची_लेक आम्हाला चर्चची माहिती सांगणार आहेत, सांज_टेकडीचा मुलगा वेनची गोष्ट. कातळ, तुमच्या सांगण्यावरून आम्ही काहीजण त्याआधी ओव्हरब्रुकला थांबून येऊ. दुपारचं जेवण व्हॅली फोर्जच्या हिरवळीवर. मी दहीभात आणि शेंगदाण्याची चटणी आणते. लोकलनं येणाऱ्यांनी सेंट डेव्हिड्सला उतरू नका, नावावर जाऊ नका. पेओलीला उतरा, मी गाडी घेऊन उभी असेन.

दादा फोनवर म्हणाले, आपल्या वतीनं एक फेरी मार, आणि जिन्याच्या त्या पायरीचा फोटो पाठव, उजव्या बाजूनं, जिथं दोन दगड मिळतात तिथला.

---

प्रश्नचिन्ह

मी डेलावेअरला असतो. आलो तर चालेल का? सोबत आई असेल, तिला फार चालवत नाही.

---

नगरची_लेक

या की. आईंना घेऊन या. झाडाखाली बसायला मी खुर्ची आणते.